घोडबंदर रोडवर गाडीवाचून का अडते?

ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीजवळच्या एका गृहसंकुलात राहणाऱ्या एका भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात त्या, त्यांचे यजमान, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि बारा वर्षांची मुलगी अशी चार माणसे. घरची एकुलती गाडी यजमान सकाळी कामावर घेऊन जातात, त्यामुळे दुसरी गाडी घ्यावी का, अशी घरात चर्चा चालू आहे. मोटारींमुळे शहरांतले जगणे बिघडले असे जो तो लिहितो, पण आमच्याकडे गाडीशिवाय साधे औषधही आणता येत नाही, मग यात आमचा दोष काय, असे त्या विचारतात. त्यांची बहीण नवी मुंबईत नेरूळला गाडी न घेता सुखाने राहते. मेट्रो सुरू झाल्यावर आपलेही तसे होईल का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न. वाहतूक नियोजनाच्या कामात माझी बरीचशी उमेद ठाणे जिल्ह्यातच खर्ची पडली असल्याने जरा विस्ताराने लिहितो.

आधी थोडक्यात उत्तर देतो. दोष आपला नाही. आपण घर घेतले त्या भागाची मांडणीच अशी झाली आहे की तिथे गाडी घेणे हा शहाणपणाचा निर्णय ठरतो. मात्र घरोघरी घेतलेल्या अशा शहाण्या निर्णयांची बेरीज रोज संध्याकाळी कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत उभी दिसते, आणि तिचा भुर्दंड ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना सर्वांत जास्त बसतो. मेट्रोने लांबचा प्रवास सुधारेल, औषधाच्या दुकानाचा प्रश्न तिच्याने सुटणार नाही. आपल्या बहिणीचे सुख रेल्वेमुळे आहे असे सहसा मानले जाते. माझ्या मते ते रेल्वेइतकेच, किंबहुना थोडे अधिक, पायी उरकता येणाऱ्या कामांमुळे आहे.

मोटारीवर अवलंबून असलेले शहर ही कल्पना पीटर न्यूमन आणि जेफ केनवर्दी या ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी १९८९ मध्ये जगातील ३२ शहरांची तुलना करून रूढ केली. वस्ती जितकी विरळ तितके माणशी पेट्रोल अधिक जळते, हा त्यांचा गाजलेला निष्कर्ष. अमेरिकेतील पसरट उपनगरे डोळ्यांसमोर ठेवली तर तो पटतो. घोडबंदर रोडला तो जसाच्या तसा लावू गेल्यास मात्र गाडे अडते, कारण इथे तीस-तीस मजली इमारती आहेत आणि दाटीला काहीच कमतरता नाही. इथे माणसे दाटीने राहतात, पण त्यांना लागणाऱ्या गोष्टी पायी जाण्याच्या टप्प्यात नाहीत, आणि ज्या टप्प्यात आहेत त्यांच्यापर्यंत चालत जायची सोय नाही. देशाचा विचार केला तर २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जेमतेम ८ टक्के कुटुंबांकडे मोटार आढळली. जिथे शंभरातल्या नव्वदाहून अधिक घरांत मोटार नाही, तिथे शहराचे नवे भाग मोटार गृहीत धरून बांधले जावेत हे मला या सगळ्या वादातले सर्वांत मोठे आश्चर्य वाटते.

आपल्या औषधाच्या दुकानाकडेच जरा जवळून पाहू. रोडलगतचे नमुनेदार संकुल घेतले तर इमारत पोडियमवर असते आणि खालचे दोन-तीन मजले पार्किंगचे असतात. लिफ्टने पोडियमवर उतरायचे, तिथून जिन्याने किंवा मोटारींसाठीच्या रॅम्पने जमिनीवर यायचे आणि आतल्या रस्त्याने मुख्य फाटकापर्यंत जायचे. फाटक एकच असते, कारण दुसरे फाटक म्हणजे दुसरा वॉचमन आणि मेंटेनन्समध्ये वाढ. बाहेरचा विकास आराखड्यातला रस्ता अर्धा झालेला, अर्धा कोर्टात अडकलेला, आणि त्याच्या कडेला पाण्याचे टँकर आणि स्कूलबस उभ्या. पुढे सर्व्हिस रोड. तिथला फुटपाथ म्हणजे गटारावरची झाकणे, एक वर आलेले, एक खचलेले, मध्ये विजेचा डीपी, त्याला टेकून टपरी, आणि टपरीपुढे फुटपाथ संपतो. त्यानंतर मुख्य रस्ता, ज्याच्या दुभाजकात मेट्रोचे खांब उभे आहेत आणि जिथून न्हावा-शेव्याच्या बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर धावतात. पलीकडचे दुकान खिडकीतून दिसते, सरळ रेषेत ते दोनशे मीटरही नसेल, पण चालत जायचे तर ओलांडण्याची जागा गाठून परत मागे यावे लागते आणि ते अंतर सहज चौपट होते. गाडीने जायचे तर पुढच्या यू टर्नला वळसा घालून दोन-अडीच किलोमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फुटपाथवर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा हवी; दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील, असा त्यामागचा हिशोब आहे. आपल्या वाटेवर ती रुंदी सलग शंभर मीटर तरी कुठे मिळते का, हे एकदा टेप घेऊन मोजून पाहण्यासारखे आहे. अशा वाटेने सत्तरीच्या सासूबाईंना कोण पाठवील? म्हणून गाडी निघते, आणि पायी दहा मिनिटांच्या कामासाठी निघालेली ही गाडी कंटेनरच्या रांगेत जाऊन उभी राहते.

हे असे का झाले, ते ठाण्याचा नकाशा पाहिल्यावर कळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, आणि त्यानंतरचे शंभराहून अधिक वर्षांचे ठाणे स्टेशन आणि मासुंदा तलाव यांच्या अवतीभवती वाढले. नौपाडा, चरई, पाचपाखाडी, जांभळी नाका या भागांत शाळा, दवाखाना, भाजीबाजार, बँक आणि नाट्यगृह अर्ध्या तासाच्या पायवाटेत बसतात. घोडबंदर रोडचा जन्म असा वस्तीतून झाला नाही. तो ठाण्याला अहमदाबाद महामार्गाशी जोडणारा, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी यांच्या मधला निमुळता रस्ता होता. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कावेसर, ओवळा ही त्याच्या कडेची गावे. नंतर कारखाने, आणि मग कारखान्यांच्या व शेतांच्या जागी संकुले आली. समांतर रस्त्यांचे जाळे जसे आधी व्हायला हवे होते तसे झाले नाही, त्यामुळे प्रत्येक संकुलाचे तोंड एकाच रस्त्याकडे राहिले. आज हा एकच रस्ता बंदराच्या मालवाहतुकीचा मार्ग आहे, नोकरदारांचा मुंबईकडे जाण्याचा मार्ग आहे आणि लाखो माणसांचा गल्लीरस्ताही आहे. ही तिन्ही कामे एकाच डांबरावर चांगली होत नाहीत. त्यात गल्लीरस्त्याचे काम सर्वांत दुबळे पडते, कारण औषध आणायला निघालेल्या माणसाची कुठे नोंदच होत नाही. आपल्याकडच्या वाहतूक मोजणीत चौकात वाहने मोजतात. चालणारा माणूस बहुधा त्या तक्त्यात नसतो, आणि रस्ता ओलांडता येत नाही म्हणून घरीच बसलेला तर नसतोच नसतो.

नेरूळची गोष्ट वेगळी आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना १९६५ मध्ये मांडली आणि १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. मोठे एकच केंद्र न ठेवता रेल्वेमार्गावर ओवलेले नोड, म्हणजे लहान लहान उपनगरे, नोडमध्ये सेक्टर, आणि सेक्टरमध्ये शाळा, बाजार, मैदान यांच्या जागा आधीच राखलेल्या, ही त्यातली मुख्य मांडणी. स्थानकांच्या इमारतींतच कार्यालये आणि दुकाने बसवण्याचा विचार झाला. आता आपल्या बहिणीच्या दिवसाकडे पाहा. सेक्टरमधले दुकान, शाळा, बाग आणि दवाखाना यांच्यासाठी तिला मोठा रस्ता क्वचितच ओलांडावा लागत असेल. रस्त्यांची रुंदी कामाप्रमाणे उतरती आहे, कडेला झाडे आहेत, आणि स्टेशनला चालत, एनएमएमटीच्या, म्हणजे नवी मुंबई महापालिकेच्या, बसने किंवा शेअर रिक्षाने जाता येते. तिथून हार्बरची गाडीही मिळते आणि ठाण्याचीही.

तरीही कागदावरच्या योजनेचे फार कौतुक करू नये, हेही सांगितले पाहिजे. मानखुर्दहून वाशीला रेल्वे पोचली ती १९९२ मध्ये, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर बावीस वर्षांनी, आणि ठाणे ते वाशी प्रवासी गाड्या सुरू झाल्या त्या २००४ मध्ये. तोवर नव्या मुंबईत राहायला गेलेल्या मंडळींनी खाडीपुलावरच्या बसमध्ये काय सोसले, ते त्यांनाच विचारावे. दुसरे म्हणजे ज्या सेक्टरांचे मी गुण गातो आहे त्यांचेही आता हाल होऊ लागले आहेत. कोपरखैरणे किंवा वाशीच्या जुन्या बैठ्या घरांच्या सेक्टरमध्ये आखणी करताना मोटारी कुणी गृहीतच धरल्या नव्हत्या. पुढे घरांवर मजले चढले, दारोदारी गाड्या आल्या आणि दोन्ही कडांना त्या उभ्या राहू लागल्यावर मधून अग्निशमन दलाचा बंब जाईल की नाही, याची शंका येते. पामबीच रोडवर तर पायी माणसाला जागाच नाही. खारघरमध्ये रस्ते ऐसपैस आहेत, पण स्टेशन नोडच्या एका टोकाला, महामार्गाकडेला. आतल्या सेक्टरवाल्यांना त्याचा उपयोग वाहनाशिवाय होत नाही. बेलापूर ते पेंधर ही ११ किलोमीटरची मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाल्यावर त्या मार्गाजवळच्या लोकांची सोय झाली, पण तिचे काम २०११ पासून चालू होते आणि मधल्या काळात ज्यांनी गाड्या घेतल्या ते त्या विकून मेट्रोत बसायला येणार नाहीत. घर घेतल्यानंतरच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांत माणसाची जायची-यायची सवय पक्की होते. सार्वजनिक वाहतूक त्या काळात तिथे नसेल तर ती गिऱ्हाईक गमावते.

रोजच्या जगण्यावरच्या परिणामांबद्दल बोलताना लोक कोंडीवर आणि प्रदूषणावर थांबतात. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते घरातल्या घरात होणारे श्रमाचे वाटप. गाडी चालवू न शकणारी माणसे, म्हणजे मुले, वृद्ध आणि पुष्कळ ठिकाणी स्त्रिया, अशा वस्तीत दुसऱ्याच्या सवडीवर जगतात. आपली मुलगी बारा वर्षांची आहे. त्या वयात नौपाड्यातली मुले एकटी क्लासला, वाचनालयात, तलावपाळीवर जात असत. आपल्या मुलीला पोहोचवायला आणि आणायला कुणीतरी लागते आणि ते कुणीतरी बहुधा आपणच असता. ब्रिटनमध्ये मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांनी याचा माग काढला तेव्हा १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले शाळेत मोठ्या माणसाशिवाय जात होती, १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले होते. पालक एकाएकी भित्रे झाले नव्हते, रस्ते बदलले होते. शिवाय घर सांभाळणाऱ्या बाईचा प्रवास नोकरदाराच्या प्रवासासारखा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात नाही. शाळा, तिथून बँक, तिथून भाजी, मग सासूबाईंचा दवाखाना आणि पुन्हा शाळा, असे लहान लहान टप्पे, तेही गर्दीच्या वेळेबाहेर, हातात पिशव्या घेऊन. आपल्याकडची बस, लोकल आणि आता मेट्रो, सगळी आखणी सकाळी नऊच्या आणि संध्याकाळी सहाच्या पुरुषाला समोर ठेवून होते. दुपारी बारा वाजता दोन संकुलांपलीकडच्या दवाखान्यात जायला त्यात काही नाही. म्हणूनच दुसरी गाडी हा चैनीचा विषय न राहता आपल्या घरात तो कामाच्या वाटणीचा विषय झाला आहे, हे मी समजू शकतो.

शेजारधर्मावरही परिणाम होतो. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सॅन फ्रान्सिस्कोतील अभ्यासात कमी वाहतुकीच्या रस्त्यावरच्या रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, जड वाहतुकीच्या रस्त्यावर एकसुद्धा पुरता नव्हता. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला जी तरुणाई लोटते, ती पाहिली की ठाणेकरांना रस्त्यावर भेटायची हौस किती आहे हे कळते. वर्षातून एकदा का होईना, तिथे त्या पहाटे गाड्यांना मागे सरावे लागते.

गाडीची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती घेणाऱ्यांना आळशी किंवा दिखाऊ ठरवून हा प्रश्न सुटत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून. सकाळी ठाण्याहून फास्ट पकडणे ज्याला जमत नाही, त्याने गाडी काढली तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. रात्री उशिरा एकटी परतणारी स्त्री, गुडघे गेलेले आजोबा, मुसळधार पावसात तापाने फणफणलेले मूल यांच्यासाठी मोटार हे चांगलेच साधन आहे. आक्षेप आहे तो प्रत्येक लहानसहान कामाला तिच्यावाचून पर्याय न ठेवण्याला.

रस्ते वाढवून हे का सुटत नाही, असे पुष्कळजण विचारतात. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते की गर्दीच्या वेळचा मोठा रस्ता रुंद केला की इतर रस्त्यांवरची, इतर वेळची आणि इतर साधनांतली माणसे तिकडे वळतात आणि तो पुन्हा भरतो. पुढे २०११ मध्ये डुरँटन आणि टर्नर यांनी अमेरिकेतील महानगरांच्या आकडेवारीवरून सांगितले की रस्त्याची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांनी कापलेले अंतरही वाढते. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. रस्ता मोकळा झाल्याची जाहिरात नव्या गृहप्रकल्पांच्या माहितीपत्रकात सर्वांत आधी छापली जाते. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळचे उड्डाणपूल झाल्यावर त्यांच्या पुढच्या जमिनीला भाव आला, आणि त्या जमिनीवरच्या घरांतली माणसे आज त्याच पुलांवर अडकून आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. आनंदनगर आणि ऐरोलीच्या नाक्यांवर थांबणे वाचले, पण त्याच वेळी मुंबईत मोटार नेणे स्वस्त झाले आणि बसच्या वाट्याला असे काही आले नाही.

घोडबंदर रोडच्या बाबतीत माझा सर्वांत जास्त विरोध सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिळवून टाकण्याच्या कामाला आहे. वाहनांच्या दृष्टीने मार्गिका वाढतात, हे खरे. पण सर्व्हिस रोड ही इथली एकमेव गल्ली आहे. शाळेची बस तिथे थांबते, रिक्षा तिथे मिळते, सायकलवरचा दूधवाला तिथून येतो. ती गेली की फाटकाबाहेर पाऊल टाकताच महामार्ग लागतो, आणि मग आज जे चालत जातात त्यांनाही गाडी काढावी लागेल. म्हणजे जी कोंडी फोडायची तिच्यात भर घालायची सोय आपण स्वतःच करणार.

पार्किंगबद्दल बोलले की लोक दुखावतात, पण हिशोब सांगतो. वाहतूक नियोजनात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या एका मोटारीला ये-जा करण्याच्या जागेसह २३ चौरस मीटर धरतात, म्हणजे सुमारे २५० चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसनात अख्ख्या कुटुंबाला मिळणारे घर ३०० चौरस फुटांचे असते. ठाण्यासारख्या शहरात एवढी जागा रस्त्याकडेला फुकट मिळत असेल तर ती मोटारवाल्याला मिळालेली सरकारी मदतच आहे, आणि ती सार्वजनिक वाहतुकीच्या सवलतींसारखी अर्थसंकल्पात दिसत नाही एवढेच. जपानमध्ये १९६२ च्या कायद्याने गाडी घेण्याआधी तिच्या जागेचा दाखला लागतो. आपल्या राज्यातही तशी अट घालण्याचा विचार २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी बोलून दाखवला. मला तो योग्य वाटतो, मात्र आपल्यासारख्या नव्या संकुलांत पोडियमखाली जागा भरपूर असल्याने तिथे त्याचा फारसा उपयोग नाही. नियमावलीने सदनिकांच्या प्रमाणात पार्किंग सक्तीचे केले, बिल्डरने ते बांधले, घराच्या किमतीत त्याचे पैसे आपण आधीच भरले. आता ती जागा रिकामी ठेवणे जिवावर येते. पार्किंगची किंमत घरापासून वेगळी आकारली गेली असती तर किती कुटुंबांनी दुसरी जागा विकत घेतली असती, याचा विचार करून पाहा.

आता मेट्रो. वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो चार आणि पुढे गायमुखपर्यंतची चार अ, या मार्गिका आपल्या दारावरून जातात. मुंबईकडच्या प्रवासाला त्यांचा मोठा उपयोग होईल, विशेषतः घाटकोपर किंवा विक्रोळीकडे जाणाऱ्यांना. पण ही मार्गिका ठाणे स्टेशनला टेकत नाही. ती कॅडबरी नाका आणि तीन हात नाक्याकडून मुलुंडकडे निघते. स्टेशनशी जोडणी ज्या वर्तुळाकार मेट्रोने व्हायची, त्या २९ किलोमीटरच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाली आहे, म्हणजे ती अजून काही वर्षे दूर आहे. आणि मेट्रोच्या स्थानकापर्यंत माणूस साधारण पाच-सातशे मीटर आनंदाने चालतो, त्यापुढे कुरकुरतो. आपल्या फाटकाचा वळसा, तुटका फुटपाथ आणि अर्धवट रस्ता धरला तर नकाशावर पाचशे मीटरच्या वर्तुळात बसणारी निम्मी घरे प्रत्यक्षात त्या वर्तुळाबाहेर पडतात. स्थानकाच्या जिन्यावर खर्च करायचा आणि जिन्यापर्यंतच्या वाटेकडे पाहायचे नाही, ही आपली जुनी खोड आहे.

बस हा इथला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित इलाज. केंद्राच्या नगरविकास खात्याच्या निकषांप्रमाणे चांगल्या सेवेसाठी दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस हव्यात. २०११ च्या जनगणनेतील ठाणे महापालिकेची १८ लाख ४१ हजार लोकसंख्या धरली तरी अकराशे बस होतात, आणि लोकसंख्या त्यानंतर कितीतरी वाढली. टीएमटीचा, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बससेवेचा, ताफा त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. त्यातही या बस रेल्वे स्टेशनला जोडणाऱ्या मार्गांवर एकवटलेल्या आहेत. मला हवी आहे ती लहान बस, जी कासारवडवलीहून वाघबीळपर्यंत आतल्या रस्त्यांनी संकुले, शाळा, दवाखाने आणि मेट्रो स्थानके जोडत दर दहा मिनिटांनी फिरेल. दहा मिनिटांनी म्हणजे वेळापत्रक न पाहता खाली उतरता आले पाहिजे. अर्ध्या तासाने येणारी बस माणूस नाइलाजानेच धरतो.

शेवटी आपल्या दुसऱ्या गाडीचा हिशोब. आठ लाखांची लहान गाडी, त्यातले साडेसहा लाख कर्जाचे, सात वर्षे, ९ टक्के व्याज, तर हप्ता साडेदहा हजारांच्या आसपास. विमा आणि सर्व्हिसिंगचे महिन्याला तीन हजार धरू. महिन्याला पाचशे किलोमीटर चालवली आणि या कोंडीत लिटरला बारा किलोमीटर मिळाले, तर पेट्रोलचे चार हजारांवर. महिना अठरा हजार रुपये झाले. गाडी विकताना त्यातले काही परत येतील, ते बाजूला ठेवू. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे आहे, म्हणजे तीन किलोमीटरला ५२ रुपये. अठरा हजारांत अशा फेऱ्या रोज अकरा होतात. रिक्षावाला जवळचे भाडे नाकारतो, हे माहीत आहे. पण संकुलात आपल्यासारखी दहा-पंधरा घरे मिळून चार ओळखीच्या रिक्षा महिन्याच्या बोलीवर ठरवू शकतात, शाळेसाठी हे आपण करतोच. माझा सल्ला असा की सहा महिने हे करून पाहावे आणि त्या काळात आपले नेमके कोणते काम अडले याची वही ठेवावी. रात्रीची आणि दवाखान्याची कामेच त्यात दिसली तर टॅक्सीचा खर्च धरूनही गाडी महाग पडेल. रोज दुपारी काही ना काही अडत असेल, तर गाडी घ्यावी. मनात अपराधीपणा ठेवू नये.

आणि सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत एक विषय जरूर मांडावा. संकुलाच्या मेट्रो स्थानकाकडच्या किंवा शाळेकडच्या भिंतीत फक्त पायी माणसांसाठी लहान फाटक पाडता येते. वॉचमनचा पगार टाळायचा तर रहिवाशांच्या कार्डाने उघडणारे कुलूप बसवता येते, सकाळी सहा ते रात्री दहा एवढाच वेळ ठेवता येतो. सुरक्षेचा मुद्दा निघेल, तेव्हा घरकामाच्या बायका आणि डिलिव्हरीवाले यांची नोंद मुख्य फाटकावरच राहील, असे आधीच लिहून द्यावे. भिंतीपलीकडची जमीन कुणाची आहे ते महापालिकेच्या शहर विकास विभागातून विकास आराखड्याच्या उताऱ्यावर पाहून घ्यावे. रस्त्यासाठी आरक्षित असेल तर काम सोपे होते, शेजारच्या सोसायटीची असेल तर त्यांच्याशी लेखी करार लागतो आणि त्यांनाही त्या वाटेचा वापर द्यावा लागतो. ठरावासोबत आजचे चालण्याचे अंतर आणि फाटक झाल्यावरचे अंतर, दोन्ही मीटरमध्ये मोजून नकाशावर दाखवून जोडावे. ज्या सभासदांना चालण्यात रस नाही, त्यांनाही घराच्या जाहिरातीत स्थानक किती मिनिटांवर लिहायचे यात रस असतो.